अंधेरी लांब आहे

दोन वर्षांपूर्वी आम्ही नवरा-बायको व्हिएतनामला जाऊन आलो. का, तर स्वस्त पडतं म्हणून. माझ्या ऑफिसातले निम्मे लोक तिथे जाऊन आले होते आणि परत आल्यावर डोंगर, समुद्र, देवळं यातलं काहीही न सांगता फक्त किती स्वस्तात झालं तेवढंच सांगत होते. शेवटी मी नवऱ्याला म्हटलं, "अरे, आता न गेलो तर आपलं नुकसान होतंय." तो लगेच तयार झाला. नुकसान हा शब्द त्याला चटकन कळतो.

तिथे दानांगजवळच्या एका जुन्या गावात शिंप्यांची दुकानं ओळीने आहेत. सकाळी माप द्यायचं, संध्याकाळी कपडे घ्यायचे. आमच्या टूरमधल्या बायकांनी ड्रेस टाकले, पुरुषांनी सूट टाकले. मी म्हटलं, आपण ब्लाउज शिवून घेऊ. साडीवरचं. दुकानात पंचविशीची एक मुलगी होती. केस मागे घट्ट बांधलेले, गळ्यात मापाची टेप, आणि कामापुरतं इंग्रजी. तिने साडी फक्त फोटोत पाहिली होती. मी तिला मोबाइलवर दहा फोटो दाखवले, पाठीचा गळा किती, हुक कुठे, बाही कुठवर, सगळं हातवारे करून समजावलं. तिने एका कागदावर चित्रं काढून घेतली आणि मग किंमत सांगितली. मी घाटकोपरच्या बाजारात वाढलेली बाई. दहा मिनिटांत निम्म्यावर आणलं आणि वर मॅचिंग केसांचा बो फुकट मागितला.

संध्याकाळी ब्लाउज अंगात घातलं आणि मी आरशासमोर वळून वळून बघत राहिले. मुलुंडमधल्या माझ्या टेलरला पंधरा वर्षांत जे जमलं नव्हतं ते हिने नुसत्या फोटोवरून केलं होतं. त्या आनंदात मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "एकदा मुंबईला ये. आमच्याकडेच राहा. मुंबई एकदम स्वस्त आहे, तुमच्यासारखीच." तिने हसून मान डोलावली. आम्ही नंबर घेतले. दिवाळीला मी तिला पणत्यांचं चित्र पाठवलं, त्यांच्या नववर्षाला तिने मला पीचच्या फुलांचं पाठवलं. एवढ्यावर ते छान चाललं होतं.

मग गेल्या फेब्रुवारीत तिचा मेसेज आला. ती भारतात येतेय. एकटी, पाठीवर बॅग टाकून, दीड महिना. तीन वर्षं पैसे साठवलेत. बुद्धाच्या जागा बघायच्यात. सुरुवात मुंबईपासून, कारण विमान थेट मुंबईला येतं.

मी तो मेसेज नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, "वाट लागली."

आमचं घर मुलुंड ईस्टला, वन बीएचके. त्यात आम्ही दोघं आणि सासूबाई. सासूबाईंचा उजवा खांदा आखडलेला. बाथरूमची फरशी सहा महिने उखडलेली, कारण प्लंबर "उद्या येतो" म्हणून गेला होता. परदेशी पाहुणी कुठे झोपणार, काय खाणार, कुठल्या तोंडाने तिला ते बाथरूम दाखवणार, असा सगळा विचार करून मी तिला अंगठा पाठवला. नुसता अंगठा. त्याला ना हो म्हणता येतं, ना नाही.

यायच्या आदल्या दिवशी तिने विचारलं, "मी अंधेरीला रूम घेतली आहे. अंधेरी तुमच्या जवळ आहे का?"

मी लिहिलं, "अंधेरी लांब आहे. एन्जॉय!"

आता सांगायला लाज वाटते, पण माझं ऑफिस अंधेरीच्या एमआयडीसीत आहे. मी रोज अंधेरीला जाते. गेली अकरा वर्षं जाते.

ती शनिवारी आली. मंगळवारी दुपारी मी आणि ऑफिसातली मैत्रीण गेटबाहेर चहाला उतरलो. कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीपाशी काहीतरी हुज्जत चालली होती. एक मुलगी पाचशेची नोट पुढे धरून उभी होती आणि गाडीवाला नोटेकडे बघायलाही तयार नव्हता. "छुट्टा नहीं है. स्कॅन करो ना, स्कॅन." तो डब्यावर चिकटवलेल्या चौकोनाकडे बोट दाखवत होता. मुलीने आधी त्या चौकोनाचा फोटो काढला, मग परत नोट पुढे केली. तिची बॅग पोटावर होती, केस मागे घट्ट बांधलेले होते.

मला पळता आलं असतं. पण तिने वळून पाहिलं. आधी माझ्याकडे, मग माझ्या गळ्यातल्या ऑफिसच्या आयकार्डाकडे, मग मागच्या गेटाकडे, आणि मग परत माझ्याकडे.

"ची!" ती म्हणाली. त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला ची म्हणतात. आणि मग अगदी सरळ चेहऱ्याने, "अंधेरी लांब."

माझी मैत्रीण म्हणाली, "कोण गं ही?" मी स्कॅन केलं आणि दोन वडापाव घेतले. पहिला तिने तीन घासांत संपवला, तिखटाने डोळ्यांत पाणी आलं तरी थांबली नाही. दुसरा जरा सावकाश खाल्ला. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

मी शेवटी विचारलं, "मला फोन का नाही केलास?"

तिने बोटं पुसली. "तुम्ही म्हणालात, ये. आमच्याकडेही असं म्हणतात. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी म्हणते, पुढच्या वेळी घरी जेवायला या. कुणी खरंच आलं तर माझी आई मला झाडूने मारेल."

एवढं बोलून ती मोकळेपणाने हसली. तिच्या हसण्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. मी वर जाऊन हाफ डे टाकला आणि तिला म्हटलं, "चल, तुझी रूम दाखव. सामान उचलू."

रूम दहा मिनिटांवर होती. चौथ्या मजल्यावर, एका बँक्वेट हॉलच्या डोक्यावर. बेड ठेवल्यावर उरलेल्या जागेत एका वेळी एकच माणूस उभा राहू शकत होता. तिने मला मोबाइलवर जाहिरातीतला फोटो दाखवला. फोटोत खिडकी होती आणि खिडकीत समुद्र होता. इथेही खिडकी होती. ती उघडली की समोर हातभर अंतरावर लिफ्टच्या खोक्याची भिंत होती.

मी खाली काउंटरवर विचारलं. काउंटरवरचा माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, तो फोटो आमच्या जुहूच्या हॉटेलचा आहे."

"मग इथे का लावलात?"

"अच्छा दिखता है ना."

या खोलीसाठी ती रोज जेवढे पैसे भरत होती तेवढ्यात, तिच्या म्हणण्याप्रमाणे, त्यांच्या गावात नदीकाठी चार दिवस नाश्त्यासकट राहता येतं. मी म्हटलं, होय, मला माहीत आहे. मी राहिले आहे.

खाली रस्त्यावरून मी घरी फोन लावला. सासूबाई मूळच्या मालवणकडच्या. गिरणगावातनं मुलुंडला येऊनही त्यांना पस्तीस वर्षं झाली, पण फोनवर त्यांची भाषा आपोआप गावाला जाते.

"आई, एक पाहुणी आणतेय. व्हिएतनामची."

"तां खंय इला?"

"चीनच्या खाली."

मग मुद्द्याचा प्रश्न आला. "मासे खाता?"

"खाते."

"मगे घेवन ये तिका."

आम्ही रिक्षा केली. मी बसता बसता रिक्षावाल्याला नुसतं "मुलुंड ईस्ट" म्हटलं आणि त्याने मीटर टाकला. ती पुढे वाकून त्या मीटरकडे बघायला लागली. आकडा सरकला की तिची मान हलायची. गेले तीन दिवस ती फोनवरून टॅक्स्या बोलवत होती आणि दर वेळी त्या टॅक्सीची किंमत वेगळी निघत होती. सकाळी एक, संध्याकाळी त्याच रस्त्याला दुप्पट. कोणी तिला सांगितलंच नव्हतं की उपनगरात रिक्षा मीटरवर चालते. पवईच्या सिग्नलला आम्ही पंधरा मिनिटं अडकलो तेव्हा ती म्हणाली, "या शहरात हे एकच यंत्र खरं बोलतं." मी म्हटलं, "यालाही काही लोक शिकवून ठेवतात." तिने संशयाने परत मीटरकडे पाहिलं.

त्या अडकलेल्या वेळात तिने मला तिचे तीन दिवस सांगितले. शनिवार सिमकार्डात गेला. दुकानदाराने आधार मागितलं, तिने पासपोर्ट दिला, त्याने लोकल माणसाचा नंबर मागितला. तिच्याकडे मुंबईतला एकच नंबर होता. माझा. तो तिने दिला नाही, कारण मला त्रास नको. शेवटी विमानतळावर परत जाऊन तिपटीने महाग सिम घेतलं. रविवारी ती जुहूला गेली. तिथे सगळ्यांनी तिला नेपाळची समजून हिंदीत सुनावलं आणि ती हिंदी बोलत नाही म्हणून ती शिष्ट आहे असं ठरवलं. दोघांनी "मणिपूर का?" असं विचारलं. एका बाईने तर तिला फुगे विकणारी समजून फुग्याचा भाव विचारला. उन्हात थकून ती एका एसी कॉफीशॉपमध्ये शिरली. बिल आल्यावर तिला वाटलं, चुकून दुसऱ्या टेबलाचं आलंय.

"आमच्याकडे इतक्यात दहा ग्लास येतात," ती म्हणाली. "आणि ती कॉफी असते."

सोमवारी सकाळी सहाला उठून ती बोरिवलीला गेली. कान्हेरीची लेणी बघायला. मुंबईत ती थांबली होती ती मुळात याच्यासाठी. शहराच्या आत डोंगर आहे, डोंगरात शंभरावर लेणी आहेत, तिथे दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षू राहायचे, हे तिने कुठेतरी वाचून वहीत लिहून ठेवलं होतं. पार्कच्या गेटवर पोचली तर गेट बंद. सोमवारी पार्क बंद असतं.

"तिथे मी बसून रडले," ती म्हणाली. "फार नाही. थोडंच. मग एका कुत्र्याने माझं बिस्किट पळवलं, मग रडणं थांबलं."

मला हसूही आलं आणि लाजही वाटली. "मुंबई स्वस्त आहे असं मीच तुला सांगितलं होतं."

"हो," ती म्हणाली. "मी वहीत लिहिलं आहे."

घरी सासूबाई दारात उभ्या होत्या. गेली दोन वर्षं खांदा आखडल्यापासून त्यांना ब्लाउजात हात घालता येत नसे, त्यामुळे साडी सुटली होती आणि त्या सदा गाऊनमध्ये असत. पाहुणीसाठी म्हणून गाऊनवर ओढणी घेतली होती. मुलीने वाकून दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, "बा."

"बा?" सासूबाई माझ्याकडे वळल्या. "मी बाप्यो दिसतंय?"

मी फोनवर शोधून सांगितलं की बा म्हणजे आजी. त्यावर त्या सुखावल्या. पण रात्री जेवताना परत कुरबुर. "सगळां चांगला, पण तुका सारखी छी छी कित्याक करता ती?"

"छी नाही आई, ची. ताई."

"मगे ताई म्हण म्हणां तिका. जेवताना बरां नाय दिसत."

त्या दिवसापासून मी ताई झाले. सासूबाई मात्र बाच राहिल्या आणि दोन दिवसांनी स्वतःच फोनवर बहिणीला सांगत होत्या, "अगो, मी बा आसंय तिची."

आमच्या मजल्यावर बाकी तिन्ही घरं शाकाहारी. म्हणून घरातली सुकी मासळी, सुकट, सोडे, जवळा, एका डब्यात दुसरा आणि दुसऱ्यात तिसरा अशी तिहेरी बंदोबस्तात असते. बुधवारी सासूबाईंनी तो बंदोबस्त उघडला. मी ऑफिसला होते, पण मला दोघींनीही वेगवेगळं सांगितलं. तिसरा डबा उघडल्याबरोबर मुलगी हॉलमधून उठून आत आली, डब्यात नाक घातलं आणि तशीच उभी राहिली. मग डोळे पुसले. सासूबाईंना वाटलं, वास सहन झाला नाही. त्या झाकण लावायला लागल्या तर ती डबा सोडेना. त्यांच्या घरातही असाच डबा असतो म्हणे, चुलीच्या वर.

एकमेकींची भाषा दोघींनाही येत नव्हती. ही मालवणीत बोलायची, ती व्हिएतनामीत उत्तर द्यायची, आणि कालवणात मीठ बरोबर पडायचं. उखडलेल्या फरशीकडे तर तिने पहिल्याच दिवशी निरखून पाहिलं आणि "आमच्याकडेही," एवढंच म्हणाली. नवरा त्या आठवड्यात पलंगावरून हॉलच्या बाल्कनीत गेला. तोही तक्रार न करता. घरात रोज मासे होते.

गुरुवारी संध्याकाळी मी घरी आले तर माळ्यावरचं शिवणयंत्र खाली काढलेलं. माझ्या लग्नात आलेलं, दहा वर्षं झाकणाखाली असलेलं. हॉलभर चिंध्या. मुलगी यंत्रापाशी, आणि सासूबाई तिच्यासमोर खुर्चीत, दोन वर्षांत पहिल्यांदा ब्लाउज घालून.

मुलीने त्यांचं जुनं ब्लाउज उसवलं होतं. उजवी बाजू खांद्यापासून खाली काखेपर्यंत पूर्ण उघडी केली होती आणि त्यावर कापडाची पट्टी लावून आतून छोटी बटणं बसवली होती. हात वर करायची गरजच नाही. पुढून घालायचं, बाजूने लावायचं. पदराखाली काही दिसत नव्हतं.

"हात कुठवर उचलता येतो ते बघितलं," ती मला म्हणाली. "तेवढ्यातच बसवलं."

आम्ही दोन वर्षं डॉक्टर केले, तेल केलं, शेक केला. पण ब्लाउज बदलावं हे मला सुचलं नव्हतं. मी आत गेले, पर्स काढली, तर सासूबाई म्हणाल्या, "तिका इचारलंय. नको म्हणता."

रात्री ती चिंध्या गोळा करत होती तेव्हा मी तिच्याजवळ बसले. दोन वर्षांपूर्वीचं ते निम्म्यावर आणलेलं ब्लाउज माझ्या डोक्यात फिरत होतं. म्हटलं, "मी तेव्हा तुझ्याशी फार घासाघीस केली. बोही फुकट घेतला."

ती खळखळून हसली. "ताई, पहिला आकडा घासाघीस न करणाऱ्यांसाठी असतो. तुम्ही बरोबर दिलेत. तुमच्यासारख्या आमच्या आयाच असतात." मग म्हणाली, "इथे आल्यापासून पहिला आकडा मीच देत होते. मला वाटलं, चांगली माणसं घासाघीस करत नसतील."

"मग आता?"

"बा मला शिकवते आहे."

शिकवणी चालू होती हे खरं होतं. शुक्रवारी दोघी मुलुंडच्या मंडईत गेल्या. भाजीवाल्याने किंमत सांगितली की सासूबाई तिला कोपराने ढोसायच्या, आणि मुलगी जमेल तेवढे डोळे मोठे करून म्हणायची, "काय सांगता!" तेवढे दोनच शब्द. भाजीवाल्याला इतकं हसू आलं की त्याने कोथिंबीर अशीच दिली.

रविवारी आम्ही कान्हेरीला निघालो. शाळेत असताना मी तिथे सहलीला गेले होते, त्यातलं मला फक्त माकडाने माझी पुरी नेल्याचं आठवत होतं. सासूबाई मुंबईत जन्म काढूनही गेल्या नव्हत्या. त्यांना मी म्हटलं, "आई, पायऱ्या आहेत." त्या म्हणाल्या, "खांदो दुखता, पाय नाय." आणि नव्या बाजूच्या ब्लाउजावर हिरवी साडी नेसून तयार.

वर तिकिटाच्या खिडकीपाशी मी म्हटलं, "तीन." खिडकीतल्या माणसाने वाकून आमच्याकडे पाहिलं. मुलगी उन्हासाठी माझी ओढणी डोक्यावरून घेऊन उभी होती. त्याने तीन भारतीय तिकिटांचे पैसे सांगितले. परदेशी माणसाचं तिकीट आपल्या दहापटीहून जास्त असतं, हे बाजूच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. मी पाटी वाचली. सासूबाईंनी पाटी वाचली आणि माझ्या पायावर पाय दिला. मी गप्प राहून पैसे पुढे केले.

तेवढ्यात माझ्या काखेखालून एक हात पुढे गेला आणि खिडकीत पासपोर्ट ठेवला.

"मी परदेशी," मुलगी म्हणाली.

खिडकीतला माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगायला नको का?"

मी म्हटलं, "सांगणारच होते." सासूबाई मागे वळून झाडं बघायला लागल्या.

ते तिकीट मी काढते म्हटलं तर तिने ऐकलं नाही. आठ दिवसांत चहाच्या कपाचा हिशेब करणाऱ्या मुलीने मोठ्या नोटा मोजून दिल्या. मी पायऱ्या चढताना विचारलं, "का गं? त्याला कळलंही नसतं."

"दुसरीकडे मला कुणी नेपाळची समजलं, कुणी मणिपूरची," ती म्हणाली. "इथे तरी मला जी आहे ती म्हणून आत जायचं होतं. आमच्या गावात देवळात जाताना आई खोटं बोलू देत नाही. बाहेर बोलते."

मोठ्या चैत्याच्या ओसरीत दोन्ही बाजूंना उभे बुद्ध आहेत. आपल्या चौपट उंच. दहावीतल्या मला ते दिसले कसे नव्हते, कोण जाणे. माझं लक्ष पुऱ्यांवर असणार. मुलगी डावीकडच्या मूर्तीपुढे गेली, बॅग खाली ठेवली, चपला काढल्या आणि खाली बसली. बराच वेळ वर बघत राहिली. फोटोही काढला नाही. मग आत गेली. आत खांबांच्या दोन रांगा, शेवटी दगडी स्तूप, वर कमान, आणि थंडावा. तिने हलक्या आवाजात काहीतरी म्हणायला सुरुवात केली. तिची आजी म्हणायची ते असावं. आवाज खांबांवरून फिरून मोठा होऊन परत येत होता.

सासूबाईंनी थोडा वेळ ऐकलं. मग त्यांना राहवेना. पाहुणीने म्हटलं आणि आपण गप्प बसलो असं व्हायला नको. त्यांनी डोळे मिटून खड्या आवाजात अभंग सुरू केला, गावच्या देवळात म्हणतात तसा. आता दोन्ही आवाज वर कमानीत एकमेकांत मिसळून गरगरायला लागले आणि कोपऱ्यात मोबाइल बघत बसलेला गार्ड धडपडून उठला.

"आजी! आजी, गाणं बंद! इथे गाणं अलाउड नाही."

सासूबाईंनी एक डोळा उघडला. "आणि तां म्हणता तेव्हा?"

"ती हळू म्हणतेय."

"मगे मी पण हळू म्हणतंय," असं म्हणून त्यांनी अभंग पुरा केला. हळू म्हणजे त्यांच्या मानाने हळू. गार्ड शेवटपर्यंत बाजूला उभा राहिला आणि नंतर त्यानेच त्यांना पायरी उतरायला हात दिला.

वरच्या लेण्यांपाशी सावलीत आम्ही काकडी खाल्ली. दगडात खोदलेल्या बाकावर मुलगी आडवी झाली. समोर झाडांच्या पलीकडे बोरिवलीचे टॉवर दिसत होते. मी विचारलं, "आवडली का मग मुंबई?" मला हो ऐकायचं होतं. एवढं सगळं केल्यावर हो म्हणायला काय हरकत होती!

तिने खरंच विचार केला. "नाही," म्हणाली. "मुंबई महाग आहे, आवाज फार आहे, आणि कॉफी वाईट आहे. हा डोंगर आवडला. बा आवडली." मग माझ्याकडे बघून घाईने जोडलं, "ताई पण."

मला वाईट वाटलं नाही. तीन वर्षं शिवणयंत्रावर वाकून जमवलेल्या पैशांनी ती आली होती. निदान तिच्या मताची तरी ती मालक होती.

सोमवारी मी तिला कुर्ल्याच्या टर्मिनसवर सोडायला गेले. तिकडून तिला गयेला जायचं होतं. सासूबाईंनी सुकटीची चटणी बांधून दिली होती, एकात एक अशा चार पिशव्यांत, म्हणजे डब्यातल्या लोकांना वास येणार नाही. गाडी दोन तास उशिरा होती. आम्ही फलाटावर तिच्या बॅगेवर पाठीला पाठ लावून बसलो आणि स्टेशनवरचा चहा प्यायलो. तो तिला आवडला. साखर जास्त आहे म्हणाली, पण दुसरा कपही घेतला.

गाडी लागली. मी तिच्याबरोबर डब्यात चढले. तिच्या खालच्या बर्थवर एक जाडजूड गृहस्थ मांडी घालून बसले होते, शेजारी त्यांचा डबा, पाण्याची बाटली, पसरलेला टॉवेल. मी तोंड उघडणार इतक्यात तिने मला हाताने थांबवलं. बॅग खाली ठेवली, तिकीट पुढे धरलं, डोळे मोठे केले आणि आमच्या घरात सहा दिवसांत गोळा केलेल्या सगळ्या भाषा एकत्र करून म्हणाली, "भाईसाब, काय सांगता! सरको ना."

ते गृहस्थ आधी तिच्याकडे बघत राहिले, मग टॉवेल उचलून निमूटपणे खिडकीकडे सरकले. ती बसली. मी खाली उतरले आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीपाशी उभी राहिले. आत तिने चटणीची पहिली पिशवी उघडायला घेतली होती.